"सध्या काय चाललंय?" नोकरी नसतानाच्या काळात आलेले वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नोकरीबद्दलची पत्रं खूप आलीत, त्यातली चार इथे घेतेय. चौघांनीही नाव छापू नका म्हणून लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे, मासिकात नाव यायची काही गरज नाही. पण चारही पत्रं एकापाठोपाठ वाचताना मला जाणवलं ते हे की नोकरी नाही याच्याइतकाच त्रास ते कुणाला कळू नये या धडपडीचा होतोय. गावाला कळू नये, सोसायटीत कळू नये, बहिणीच्या सासरी कळू नये. आणि ज्या चार लोकांना कळलं असतं तर कुठेतरी शब्द टाकला असता, नेमके तेच लोक आपण टाळतो. म्हणून उत्तरं वेगवेगळी असली तरी मी फिरून फिरून तिथेच येणार आहे.

ताई नमस्कार, मी ३१ वर्षांचा आहे, मूळचा हिंगोली जिल्ह्यातला. २०१७ ला बीए करून पुण्यात आलो आणि तेव्हापासून सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. दोनदा मेन्स दिली, एकदा पीएसआयच्या ग्राउंडपर्यंत गेलो, पण लिस्टमधे नाव आलं नाही. वडील शेती करून महिन्याला सात-आठ हजार पाठवतात, आता मागायची लाज वाटते. दिवाळीला पण गेलो नाही कारण दिसेल तो विचारतो कुठवर आलं. प्रायव्हेटला अर्ज केला तर विचारतात एवढी वर्षं काय केलं आणि मी गप्प बसतो. अभ्यास सोडू का? आणि सोडला तर मला घेणार कोण?

तुला तू म्हणते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. आधी एक आकडा बघ. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेपेक्षा जास्त पोरं. २०२४ ची पोलीस भरती घे, १७,४७१ जागांना १७ लाखांहून जास्त अर्ज. अशा ठिकाणी नाव आलं नाही याचा अर्थ पोरगा कमी पडला असा काढताच येत नाही, शंभरातला एक किंवा दोनशेतला एकच आत जाणार होता, बाकीच्यांनी काहीही केलं असतं तरी बाहेरच राहणार होते. हे तू वडलांना पण असंच आकड्यात सांग, शेतकरी माणसाला हिशोब पटकन कळतो.

आता सोडू का. माझं स्पष्ट मत, अभ्यास सोडायची घाई नको पण पूर्णवेळ अभ्यास आता थांबव. खुल्या प्रवर्गाला बहुतेक पदांसाठी ३८ ची आणि मागास प्रवर्गाला ४३ ची वयोमर्यादा आहे, म्हणजे कागदावर तुझ्याकडे वर्षं आहेत, आणि तोच धोका आहे, कारण वर्षं आहेत म्हणून पोरं खोलीवर थांबून राहतात आणि मधे भरती निघायला उशीर झाला, कोर्टात अडकली, पॅटर्न बदलला की अजून एक वर्ष जातं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, म्हणजे ऑब्जेक्टिव्हची जी तयारी तू इतकी वर्षं घासली त्यातली बरीच नव्याने मांडावी लागणार. ते नोकरी करून संध्याकाळी होत असेल तर जरूर कर. वडलांच्या पैशावर मात्र नको, आणि हे मी त्यांच्यासाठी म्हणत नाहीये, तुझ्यासाठी म्हणतेय, स्वतःचे दहा-बारा हजार का होईना खात्यात आले की माणसाची मान सरळ होते आणि अभ्यासही बरा होतो.

"एवढी वर्षं काय केलं" याला गप्प बसायचं नाही. बायोडेट्यात सरळ ओळ टाक: २०१७ पासून राज्यसेवा व संयुक्त परीक्षांची पूर्णवेळ तयारी, दोन वेळा मुख्य परीक्षेसाठी पात्र. दोनदा प्रिलिम काढणं ही लहान गोष्ट नाही आणि महाराष्ट्रात मुलाखत घेणाऱ्या माणसाला ते माहीत असतं, त्याच्या घरात नाहीतर शेजारी एक तरी एमपीएससीवाला असतोच. तोंडी विचारलं तर तीन वाक्यांत सांग, तयारी केली, इथवर पोचलो, आता काम करायचा निर्णय घेतलाय. त्यापुढे रडगाणं नको आणि आयोगाला शिव्या तर अजिबात नको. मुलाखत घेणाऱ्यांना खरी भीती वेगळीच असते, की हा सहा महिन्यांनी परीक्षा आली की सोडून जाईल, तर ते त्यांनी विचारायच्या आधी तूच बोल.

कोण घेणार? तुला पंचायत राज, महसूल, अर्थशास्त्र, कायद्याची भाषा, टक्केवारी-सरासरी, मराठीत मुद्देसूद लिहिणं हे सगळं येतं. पतसंस्था, मायक्रोफायनान्स कंपन्या, विमा कंपन्यांचं क्लेमचं काम, गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांचे फील्ड को-ऑर्डिनेटर, अशा जागांना हेच लागतं. तुझ्याच पेठेतल्या क्लासेसना टेस्ट सिरीजचे प्रश्न काढायला आणि आता वर्णनात्मक झाल्यामुळे उत्तरं तपासायला माणसं लागतात, तिथे तर तुझी वर्षं अनुभव म्हणूनच मोजली जातात. सोबत एक्सेल नीट शीक, नुसतं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आहे असं नाही, समोर शीट ठेवली तर पिव्होट करता आलं पाहिजे. टायपिंग झालं नसेल तर मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची परीक्षा देऊन टाक, प्रायव्हेटमधे स्पीड कामाला येतो आणि उद्या क्लर्क-टायपिस्टची जागा निघाली तर तिथेही तेच सर्टिफिकेट मागतात.

आणि आता मुख्य गोष्ट, लोकांना सांग. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. वरचेवर भेटणारे १७ टक्क्यांच्या आसपास निघाले, बाकी सगळे अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणारे. त्यांचा १९७३ चा हा लेख आजही शिकवतात आणि कारण साधं आहे, तुझ्या रूममधल्या दोघांना तेच माहीत असतं जे तुला माहीत आहे, पण तीन वर्षांपूर्वी अभ्यासिका सोडून औरंगाबादला पतसंस्थेत लागलेल्या पोराला वेगळं माहीत असतं. त्याला फोन कर. ज्यांची निवड झाली त्यांनाही कर, तुला वाटतं ते आपल्याला विसरले, बऱ्याचदा ते पण फोन करायला संकोचत असतात, मी पास झालो आणि हा राहिला म्हणून. मेसवाल्या काकांना पण सांग, त्यांच्याकडे रोज शंभर पोरं जेवतात. "काहीतरी बघा" असं मोघम म्हणू नको, "बॅक ऑफिस नाहीतर फील्डचं काम, पुणे किंवा मराठवाड्यात कुठेही, अमुक तारखेपासून जॉइन होऊ शकतो" असं बोल, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात एखादी जागा तरी येते.

गावी जाऊन ये. वडलांना समोर बसून सांग, फोनवर नाही.

दुसरं पत्र: वय ४६, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत १४ वर्षं क्वालिटीत होतो, सुपरवायझर म्हणून. डिप्लोमा मेकॅनिकल. दीड वर्षापूर्वी ऑर्डर कमी झाल्या म्हणून आम्हा काही जणांकडून राजीनामे लिहून घेतले. सोसायटीत मी सांगितलंय दुसऱ्या कंपनीत सेकंड शिफ्टला आहे, बायको सोडून कुणाला माहीत नाही. मुलगी बारावीला आहे, घराचा हप्ता चालू आहे, पीएफ काढून भागवायचा विचार आहे. जिथे जातो तिथे वय बघून नाही म्हणतात किंवा निम्म्या पगारात या म्हणतात. काही उपाय आहे का?

दादा, तुम्हाला आधी पैशाचं सांगते कारण त्यावर झोप अवलंबून आहे. पाच वर्षांपेक्षा जास्त सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि मग वर्षांनी गुणायचं. तुमची १४ वर्षं झालीत, म्हणजे बेसिक-डीए समजा २० हजार असेल तर एक लाख साठ हजारांच्या वर होतात. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते. मिळाली नसेल तर कंपनीला लेखी अर्ज द्या आणि तरी दाद नाही लागली तर कामगार आयुक्त कार्यालयात जा, हा तुमचा हक्काचा पैसा आहे, तो मागताना ओशाळायचं काही कारण नाही. पगार महिना २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआय म्हणजे कामगार विमा कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, आयुष्यात एकदाच. तुम्ही सुपरवायझर, तुमचा पगार बहुतेक त्यापेक्षा जास्त असणार आणि राजीनाम्याचा मुद्दाही तिथे आडवा येतो, पण तुमच्याबरोबर जे कमी पगाराचे काढले गेले त्यांना ईएसआयच्या शाखेत विचारायला सांगा, या योजनेची मुदत वाढवत नेलेली आहे आणि कितीतरी कामगारांना अशी काही योजना आहे हेच माहीत नसतं.

पीएफ अख्खा काढू नका. नोकरी सुटली तरी शिल्लकीवर व्याज चालू राहतं, आणि दहा वर्षांच्या वर सर्व्हिस झालीये म्हणजे तुम्ही ५८ व्या वर्षी पेन्शनला पात्र आहात, ते तसंच राहू द्या. घराच्या हप्त्यासाठी बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. दोन-तीन हप्ते थकल्यावर गेलात तर बोलण्याची भाषाच बदलते. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपकडे बघू पण नका.

आता कामाचं. एक कडू गोष्ट आहे पण ती माहीत असलेली बरी. २०१३ साली अमेरिकेतल्या नोकऱ्यांबद्दल एक अभ्यास आला, त्यात संशोधकांनी हजारो काल्पनिक बायोडेटा कंपन्यांना पाठवले होते, सगळं जवळपास सारखं, फक्त कुणी एक महिना घरी, कुणी सहा, कुणी वीस. जितके महिने जास्त तितके बोलावणे कमी, आणि सगळ्यात मोठी घसरण पहिल्या आठ महिन्यांतच झालेली. म्हणजे समोरचा तुमचं काम बघतच नाही, तारीख बघतो. हा अन्याय आहे, पण यातून एक करता येतं, बायोडेट्याची सगळ्यात वरची ओळ जुनी ठेवायची नाही. तुमच्या लाइनमधे थर्ड पार्टी इन्स्पेक्शनची कामं असतात, रिजेक्शन आलं की कंपन्या दिवसावर माणसं घेतात सॉर्टिंग-इन्स्पेक्शनला, पगार कमी आणि तुमच्या आधीच्या पोस्टला ते शोभत नाही असं वाटेल, पण तीन महिने केलंत तरी वरची ओळ चालू महिन्याची होते आणि मुख्य म्हणजे तुम्ही परत शॉप फ्लोअरवर उभे असता, चार प्लांटचे क्वालिटीवाले तुम्हाला रोज बघतात. मी बरीच वर्षं कंपन्यांसाठी माणसं निवडायचं काम केलंय आणि सांगते, मधल्या वयाच्या माणसाची नोकरी पोर्टलवरच्या अर्जातून क्वचितच होते, कुणीतरी "मी यांना काम करताना बघितलंय" म्हणतं तेव्हा होते.

दुसरं, मोठ्या कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा भोसरी, तळवडे, चाकणमधल्या तीस-चाळीस माणसांच्या युनिटकडे जा. त्या मालकांचं दुखणं असं की कस्टमरचं ऑडिट आलं की कागद तयार नसतात. आयएटीएफचं, म्हणजे गाड्यांच्या उद्योगातल्या क्वालिटीच्या मानकाचं, इंटर्नल ऑडिटर ट्रेनिंग झालं असेल तर ते बायोडेट्यात सगळ्यात वर घ्या, नसेल तर करून घ्या, काही दिवसांचाच कोर्स असतो. एकाच मालकाला पूर्ण पगार परवडत नसेल तर दोन-तीन युनिट्सना आठवड्यातले दोन-दोन दिवस द्या, तुमच्या वयाचे आणि अनुभवाचे लोक असं काम करतात आणि तिथे वय आडवं येत नाही, उलट पांढरे केस बघून मालक ऐकतो. निम्म्या पगाराच्या नोकरीबद्दल, लगेच नाही म्हणू नका पण विचारा की सहा महिन्यांनी रिव्ह्यू कराल का, आणि ते ऑफर लेटरमधे लिहून घ्या.

सेकंड शिफ्टचं मात्र बंद करा दादा. रोज दुपारी घराबाहेर पडून रात्री परत यायचं, त्यात पेट्रोल जातं, वेळ जातो आणि तुमच्याच सोसायटीत एखादा प्लांट हेड, एखादा परचेसवाला राहत असेल त्याला कळतच नाही की क्वालिटीचा १४ वर्षांचा माणूस मोकळा आहे. मुलीला पण सांगा, बारावीतल्या मुलीला घरात काय चाललंय ते कळत असतं, फक्त कारण माहीत नसतं म्हणून ती त्याहून वाईट काहीतरी समजून बसते.

तिसरं पत्र एका आईचं: माझा मुलगा २५ वर्षांचा, कॉम्प्युटर इंजिनिअर, दोन वर्षं घरी आहे. आम्ही सांगलीत असतो. आधी रोज अर्ज करायचा, आता दुपारी उठतो, जेवण खोलीत, रात्रभर मोबाईल. बोललं की अंगावर येतो. त्याचे बाबा म्हणतात लाडावलाय. पाहुण्यांना मी सांगते घरून काम करतो. मुलीच्या लग्नाचं चाललंय, तिथेही हेच सांगितलं. काय करावं समजत नाही.

काकू, तो लाडावलेला नाहीये, तो थकलाय. त्याच्या बाबांना एक जुनी गोष्ट वाचून दाखवा. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे, तिथली कापडाची गिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा ही समाजशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी तिथे जाऊन अभ्यास करून आले. सगळ्यांना वाटलं होतं की आता वेळच वेळ आहे तर लोक वाचतील, खेळतील, बागा करतील. झालं उलटं. लायब्ररीतली पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्याने हळू चालायला लागले, मधेमधे नुसते उभे राहायचे, दिवसभर काय केलं विचारलं तर सांगता यायचं नाही. बायकांची चाल मात्र तशी मंदावली नाही कारण घरचं काम होतंच. ते अख्खं गाव काही आळशी नव्हतं. कामातून पगार मिळतो तशी वेळेची चौकट मिळते, चार माणसं भेटतात, आपली कुणाला तरी गरज आहे हे कळतं, आणि ते सगळं एकाच दिवशी जातं.

म्हणून त्याला चौकट द्या, टोमणे नको. रोज "आज काय केलंस, कुठे अर्ज केलास" हा प्रश्न बंद करा, आठवड्यातला एक दिवस ठरवा, रविवारी सकाळी म्हणा, तेव्हाच नोकरीचा विषय, बाकी दिवस नाही. घरातलं एक खरं काम पूर्ण त्याच्याकडे सोपवा, लाइट बिल, आजोबांना दवाखान्यात नेणं, बाबांच्या दुकानाचा किंवा शेताचा हिशोब असेल तर तो. उपकार म्हणून नाही, जबाबदारी म्हणून. आणि दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर, एवढं एक ठाम ठेवा.

अंगावर येणं, जेवण कमी होणं, रात्र रात्र जागणं हे जास्त दिवस चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालेल. आणि जगायचं नाही, कंटाळा आलाय सगळ्याचा असं काही त्याच्या तोंडून निघालं तर चर्चा करत बसू नका, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

कामाबद्दल, त्याने पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्या सोडून दुसरीकडे बघितलंय का? सांगली-कोल्हापुरात साखर कारखाने आहेत, फाउंड्री आहेत, बँका-पतसंस्था आहेत, हॉस्पिटलं आहेत, सगळ्यांना सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस लागतो. पहिली ओळ बायोडेट्यात पडायला तेवढं पुरतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला सुरू झाली, १८ ते ३५ वयाच्या मुलांना ट्रेनिंगसाठी घेतात, पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन ठरलं होतं, सुरुवातीला सहा महिने होतं ते नंतर अकरा केलं. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन आत्ता जागा आहेत का ते विचारा आणि महास्वयम् पोर्टलवर त्याची नोंदणी करून टाका. एक मात्र आधीच सांगते, ते प्रशिक्षण आहे, त्यातून पर्मनंट होण्याची हमी नाही, हे त्याला आधी माहीत असू द्या म्हणजे नंतर परत एक धक्का नको.

मुलीच्या लग्नाचं. खोटं सांगून ठरवू नका काकू. "मुलगा इंजिनिअर आहे, सध्या नोकरी शोधतोय" एवढं म्हणायला पुरे. आज तो आतल्या खोलीतून आई पाहुण्यांना काय सांगते ते ऐकतो, आणि त्यातून त्याला एवढंच कळतं की आईला आपली लाज वाटते. समोरच्या घरातही अशी मुलं असतात हो, सांगितलं की तेच म्हणतात आमच्या पुतण्याच्या कंपनीत विचारू का.

चौथं पत्र: मला टेलिग्रामवर घरबसल्या डेटा एंट्रीचं काम मिळालं. आधी दोनदा थोडे पैसे आले माझ्या खात्यात. मग रजिस्ट्रेशन, मग सिक्युरिटी डिपॉझिट, मग टास्क अनलॉक असं करत परवापर्यंत १८ हजार भरलेत. आता म्हणतात अजून ९ हजार भरा तर सगळे परत मिळतील. दीड वर्ष काम नाही म्हणून यात पडले. घरी सांगितलेलं नाही. भरू का?

नाही. एक रुपया पण भरू नका. सुरुवातीला थोडे पैसे देऊन विश्वास बसवायचा आणि मग मोठी रक्कम काढायची, ही त्यांची ठरलेली पद्धत आहे. काम देणारा पैसे देतो, काम घेणाऱ्याकडून मागत नाही, मग नाव रजिस्ट्रेशन असो, युनिफॉर्म असो नाहीतर लॅपटॉपचं डिपॉझिट. दीड वर्ष काम नसलेला माणूस यात सापडतो कारण त्याला कुणीतरी हो म्हटलेलं असतं, यात तुमचा मूर्खपणा नाहीये.

हे वाचायची वाट न बघता तुम्हाला आम्ही वेगळं कळवलंच आहे, पण बाकीच्यांसाठी परत लिहिते. १९३० ला फोन करायचा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवायची. जितक्या लवकर फोन तितकी रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आधी अडवली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून परवाचं असलं तरी आज करायचा, झालं ते झालं म्हणून बसायचं नाही. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, ट्रान्झॅक्शनचे नंबर, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले ते सगळं एका कागदावर तारखेप्रमाणे लिहा. बँकेला लगेच कळवा. त्या फसवणाऱ्यांना आधारचा फोटो किंवा खात्याचे डिटेल्स दिले असतील तर तेही बँकेला सांगा, आणि तुमच्या खात्यावर कुणा तिसऱ्याचे पैसे आले असतील तर ते अजिबात खर्च करू नका, तशा पैशामुळे खातं गोठवलं जाऊ शकतं.

घरच्यांना आजच सांगा, पोलीस स्टेशनला जायची वेळ आली तर बरोबर कुणीतरी हवं.